एक सामना, दोन वृत्तान्त

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांत संपतो, असे नियमांचे पुस्तक सांगते. कलकत्त्यात मात्र मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन संघांची गाठ पडणार असली, की तो सामना आठ दिवस आधीच सुरू होतो आणि पुढे कित्येक वर्षे चालू राहतो. ट्रामगाडीत, चहाच्या दुकानात, कचेरीत आणि घरच्या पंगतीतही तो पुन्हा पुन्हा खेळला जातो. पंचाने दिलेला निकाल एकच असतो. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे वृत्तान्त निदान दोन असतात. एका वृत्तान्तात जो खेळाडू चिवट, तोच दुसऱ्यात धसमुसळा ठरतो. एकात जो पंच खंबीर, तोच दुसऱ्यात विकला गेलेला असतो. हे दोन वृत्तान्त कोठून उत्पन्न होतात, त्यांत वृत्तपत्राचा वाटा किती आणि वाचकाचा किती, आणि या भेदाची किंमत अखेर कोण मोजतो, हा विचार केवळ क्रीडाशौकिनांनीच करावा असा नाही. निवडणूक असो, संप असो किंवा गावातील पाण्याचा तंटा असो, बातमी आणि पक्षपात यांचे नाते सर्वत्र याच जातीचे असते. फुटबॉलच्या मैदानावर ते अधिक उघडे दिसते, इतकेच.

या चुरशीचे मूळ समजून घेण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. मोहन बागान क्लबची स्थापना १५ ऑगस्ट १८८९ रोजी उत्तर कलकत्त्यात झाली. २००१ साली या शहराचे अधिकृत नाव कोलकाता झाले. परंतु ही कथा जुन्या कलकत्त्याची आहे. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाचा २-१ असा पराभव केला आणि आय. एफ. ए. शील्ड पटकावली. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी खेळले होते. शिवदास भादुडी आणि अभिलाष घोष यांच्या त्या दोन गोलांनी, वंगभंगाच्या चळवळीतून नुकत्याच गेलेल्या बंगालला साहेबाचा त्याच्याच खेळात पराभव करता येतो, हा आत्मविश्वास दिला. मोहन बागान हा त्या दिवसापासून केवळ क्लब राहिला नाही. तो अभिमानाचा विषय झाला.

ईस्ट बंगालचा जन्म मानापमानातून झाला. १९२० सालच्या जुलै महिन्याच्या अखेरीस मोहन बागानविरुद्ध खेळताना जोडाबागान क्लबने शैलेश बसू या खेळाडूला वगळले. तो पूर्व बंगालचा, म्हणूनच त्याला डावलले, असे अनेकांना वाटले. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी हेही पूर्व बंगालचेच. त्यांनी आग्रह धरला, तो मानला गेला नाही; तेव्हा ते बाहेर पडले आणि सहकाऱ्यांसह १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी ईस्ट बंगाल क्लब स्थापन केला. २८ मे १९२५ रोजी कलकत्ता लीगमध्ये दोन्ही संघ प्रथमच समोरासमोर आले आणि नव्या क्लबने जुन्याला १-० असे हरविले.

पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशाला 'घोटी' आणि पूर्वेकडून आलेल्याला 'बांगाल' म्हणण्याचा प्रघात जुना आहे. या दोहोंची बोली निराळी, स्वयंपाक निराळा, विवाहाच्या रीतीही थोड्या निराळ्या. १९४७ च्या फाळणीने या थट्टेच्या भेदाला दुःखाची धार आणली. लाखो कुटुंबे पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आली. शेत गेले, घर गेले, नदी गेली. पुढे काही वर्षांनी नकाशावर 'पूर्व बंगाल' हे नावही उरले नाही. ते उरले एका फुटबॉल क्लबच्या नावात. वसाहतीतल्या झोपडीत राहणाऱ्या माणसाला त्या लाल-सोनेरी सदऱ्यांत आपला गमावलेला प्रांत दिसू लागला, तर त्यात नवल नाही. दुसरीकडे, आधीच दाटी झालेल्या शहरात राहणाऱ्या जुन्या कुटुंबांना आपली जागा आणि आपल्या नोकऱ्या यांचे भागीदार वाढलेले दिसत होते. हिरव्या-मरून रंगाचा संघ त्यांचा. मोहन बागान जिंकले की बाजारात कोळंबीला आणि ईस्ट बंगाल जिंकले की इलिश म्हणजे हिलसा माशाला मागणी येते, ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. परंतु त्या माशांच्या मागे एवढा इतिहास उभा आहे.

अशा समाजात खेळाचे वृत्त लिहिणाऱ्या वार्ताहराची स्थिती नाजूक असते. पक्षपात म्हणजे खोटी बातमी, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक खोटी बातमी हा पक्षपाताचा अगदी ओबडधोबड प्रकार झाला आणि तो लवकर उघडकीस येतो. खरा पक्षपात सत्याच्या निवडीत असतो. सामन्यात शंभर घटना घडतात. त्यांतील दहाच छापता येतात. त्या दहा कोणत्या, मथळ्यात कोणाचे नाव, छायाचित्र विजेत्याच्या उड्डाणाचे की पराजिताच्या खाली घातलेल्या मानेचे, हे ठरविताना एकही वाक्य असत्य न लिहिता पारडे झुकविता येते. विशेषणांचा वाटा तर मोठाच. 'मोहन बागान हरले' आणि 'ईस्ट बंगाल जिंकले' ही दोन वाक्ये एकच घटना सांगतात. परंतु पहिल्याने वाचकाचे लक्ष दोषाकडे जाते आणि दुसऱ्याने गुणाकडे.

यामागे दुष्ट हेतूच असतो असे मानण्याचे कारण नाही. कलकत्त्याच्या मैदानावर क्लबांच्या कचेऱ्यांना आजही तंबूच म्हणतात. कोणता खेळाडू जखमी आहे, पुढील मोसमात कोण कोणाकडे जाणार, प्रशिक्षक आणि पदाधिकारी यांचे पटते की नाही, या बातम्या त्या तंबूंत मिळतात. तेथे रोज ज्याचे जाणे-येणे, त्याला कटू लिहिणे जड जाते. कारण आज लिहिले तर उद्या दार बंद. दुसरे कारण विक्रीचे. जिंकलेल्या संघाचा पाठीराखा दुसऱ्या दिवशी वृत्तपत्र हौसेने विकत घेतो, हरलेल्याचा पाठीराखा त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मग त्यालाही पान उलटावेसे वाटावे यासाठी पंचाच्या चुकीची, कटाची किंवा येत्या सुडाची कथा द्यावी लागते. 'लढाई', 'सूड', 'नामुष्की', 'खच्ची केले' असे शब्द खेळाच्या पानावर येतात ते या वाटेने. ते शब्द वापरून गुळगुळीत झाले, तरी वाचणाऱ्याच्या मनात त्यांची धार शिल्लक असते.

या व्यवहारात वाचक अगदी निरपराध असतो काय? याचे उत्तर शोधण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न अमेरिकेत झाला. २३ नोव्हेंबर १९५१ रोजी प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठीय संघांत अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलचा सामना झाला. तो खेळ वेगळा, परंतु माणसे तीच. सामना अत्यंत आडदांडपणे खेळला गेला. प्रिन्स्टनच्या प्रमुख खेळाडूचे नाक मोडले, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. नंतर दोन्ही विद्यापीठांच्या वृत्तपत्रांनी एकमेकांवर आरोपांचा वर्षाव केला. तेव्हा ॲल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कॅन्ट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याचा एकच चित्रपट दाखविला आणि दिसतील ते नियमभंग टिपून ठेवण्यास सांगितले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या संघाचे सरासरी ९.८ नियमभंग दिसले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्याच संघाचे तेवढ्याच चित्रपटात ४.३ दिसले. हा निबंध १९५४ साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की प्रेक्षक आधी सामना पाहतो आणि मग पक्षपाताने बोलतो, असे घडत नाही. पाहण्याच्या क्रियेतच पक्ष मिसळलेला असतो. चित्रपट एक होता. पाहिले गेलेले सामने दोन होते.

पुढे १९८५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील व्हॅलोन, रॉस आणि लेपर यांनी याचीच दुसरी बाजू दाखविली. १९८२ साली बैरुतमध्ये झालेल्या हत्याकांडासंबंधीची दूरचित्रवाणीवरील वृत्ते त्यांनी इस्रायलच्या आणि अरबांच्या पक्षपात्यांना दाखविली. वृत्ते तीच, परंतु ती आपल्या विरुद्ध झुकलेली आहेत, अशी तक्रार दोन्ही पक्षांनी केली. कलकत्त्याच्या वाचकाला हा अनुभव नवा नाही. मोठी वृत्तपत्रे जुन्या भद्रलोकांची, म्हणून ती मोहन बागानची, असे एका बाजूने म्हणावे. वृत्तपत्रांच्या कचेऱ्या बांगाल पत्रकारांनी भरल्या आहेत, असे दुसऱ्या बाजूने म्हणावे, हा क्रम चालतच आला आहे. दोन्ही तक्रारींत थोडे तथ्य असू शकते. परंतु आपल्या मनासारखे न लिहिणारा प्रत्येकजण विकला गेलेला आहे, असे मानणारा वाचक खऱ्या पक्षपाताला ओळखण्याची शक्तीच गमावून बसतो.

आकाशवाणीच्या समालोचकापुढील प्रश्न आणखी बिकट. वृत्तपत्र ज्याचे त्याने आवडीनुसार निवडावे. पण रेडिओ घरात एकच असे. त्याच्याभोवती कधी एकाच कुटुंबातील दोन्ही संघांचे भक्त बसत. अजय बसू, पुष्पेन सरकार आणि कमल भट्टाचार्य यांच्या बंगाली धावत्या वर्णनाने हे आवाज बंगालच्या घराघरांत पोहोचले. मैदान न दिसणाऱ्या श्रोत्याला चेंडू कोठे आहे हे आधी सांगावे लागते. मत देण्यास सवड थोडी उरते. माध्यमाच्या मर्यादेने लावलेली ही शिस्त मोलाची होती. चेंडूची जागा आधी आणि अभिप्राय नंतर, हा क्रम कोणत्याही वार्ताहराने स्वीकारावा असा आहे.

आता या भेदाच्या किमतीकडे वळावे. ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानचा ५-० असा पराभव केला. त्या पराभवानंतर एका तरुण पाठीराख्याने आपले जीवन संपविले. संघाचे अपयश आणि स्वतःचे आयुष्य यांतील सीमारेषा त्याच्या मनात पुसली गेली होती. याहून मोठा घाला पाच वर्षांनी पडला. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर लीगचा सामना होता. मैदानात दोन प्रतिस्पर्धी खेळाडूंची झटापट झाली, पंचाने दोघांनाही बाहेर काढले आणि क्षोभ प्रेक्षागारात पसरला. दोन्ही संघांचे पाठीराखे तेथे एकाच भागात बसलेले होते. मारामारी, दगडफेक आणि मग जीव घेऊन पळणाऱ्यांची चेंगराचेंगरी. सोळा जण मरण पावले. ती माणसे खेळ पाहण्यासाठी घरून निघाली होती.

त्या सोळा मृत्यूंना एखादा मथळा कारणीभूत होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बैठकीची व्यवस्था, बाहेर पडण्याच्या वाटा आणि बंदोबस्त यांचे प्रश्न त्यात होतेच. तथापि दोन खेळाडूंची झटापट ही फुटबॉलमध्ये नित्याची गोष्ट आहे. ती पाहून हजारो माणसांना आपल्यावरच हल्ला झाला असे वाटावे, यासाठी मनाची जमीन आधीपासून तयार व्हावी लागते. ती जमीन वर्षानुवर्षांच्या शब्दांनी तयार होते. काही शब्द घरातले असतात, काही नाक्यावरचे, आणि काही छापलेले. छापलेल्या शब्दांना अधिक वजन, म्हणून त्यांची जबाबदारीही अधिक.

माध्यमांनी चढविलेला ज्वर प्रत्येक वेळी घातकच ठरतो, असेही नाही. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन कपच्या उपान्त्य सामन्यापूर्वी मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या 'डायमंड' व्यूहाची चर्चा वृत्तपत्रांतून गाजत होती. त्यांनी ईस्ट बंगालच्या बायचुंग भुतियाला 'चुंगचुंग' आणि ओमोलो या परदेशी खेळाडूला 'ऑम्लेट' म्हटले आणि ही टोपणनावे छापून आली. सॉल्ट लेक स्टेडियमवर १,३१,७८१ प्रेक्षकांची नोंद झाली. पी. के. बॅनर्जी यांच्या मार्गदर्शनाखालील ईस्ट बंगालने सामना ४-१ असा जिंकला आणि भुतियाने तीन गोल करून टोपणनावाचे उत्तर पायाने दिले. खेळाला एवढा मोठा प्रेक्षकवर्ग मिळवून देण्यात वृत्तपत्रांचा वाटा नाकारता येणार नाही. थट्टा आणि द्वेष यांच्यामध्ये एक बारीक दोरी असते. त्या दिवशी ती तुटली नाही.

कथा कोठून सुरू करावी, या निवडीतही पक्षपात कसा लपतो, याचे उदाहरण ९ डिसेंबर २०१२ च्या सामन्यात सापडते. ईस्ट बंगाल १-० ने पुढे असताना मोहन बागानच्या ओडाफा ओकोली याला पंचाने बाहेर काढले. गडबड उडाली आणि प्रेक्षकांतून आलेला दगड मोहन बागानच्याच रहीम नबीच्या चेहऱ्यावर लागून तो जखमी झाला. मध्यंतरानंतर मोहन बागानने खेळण्यास नकार दिला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने या क्लबवर दोन वर्षांची बंदी घातली. जानेवारी २०१३ मध्ये ती उठवून दोन कोटी रुपयांचा दंड केला आणि संघाचे गुण शून्यावर आणले. या घटनेचे वर्णन दगडापासून सुरू केले, तर मोहन बागान हा अन्यायाचा बळी दिसतो. ते नकारापासून सुरू केले, तर तोच संघ खेळाचा नियम मोडणारा दिसतो. ते पंचाच्या शिट्टीपासून सुरू केले, तर सारा दोष शिट्टीचा वाटतो. तिन्ही वर्णने खरी आणि तिन्ही अपुरी. पूर्ण वृत्तान्त तोच, जो तिन्ही घटना त्यांच्या क्रमाने सांगतो.

प्रेक्षकांविना हा संघर्ष शमेल काय, याची परीक्षाही घडली, आणि ती गोव्याच्या भूमीवर. महासाथीमुळे २७ नोव्हेंबर २०२० रोजी वास्कोच्या टिळक मैदानावर रिकाम्या बाकांसमोर हे दोन संघ इंडियन सुपर लीगमध्ये प्रथम भेटले. दगड मारण्यास कोणी नव्हते, घोषणा देण्यास कोणी नव्हते. पण मोबाइलच्या पडद्यावर शिवीगाळ यथेच्छ चालली. पूर्वी वृत्तपत्राला निदान एक संपादक असे, जो रात्री उशिरा एखादे विशेषण खोडी. आता प्रत्येक पाठीराखा स्वतःच वार्ताहर, स्वतःच मुद्रक झाला आहे आणि खोडणारा हात कोठेच उरलेला नाही. गोव्यातच, फातोर्ड्याच्या मैदानावर, २९ जानेवारी २०२२ रोजी कियान नासिरी या तरुणाने बदली खेळाडू म्हणून उतरून ईस्ट बंगालविरुद्ध तीन गोल केले. त्याचे वडील जमशेद नासिरी हे एके काळी ईस्ट बंगालचेच लाडके खेळाडू. रंग रक्तातून येतात असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. खुद्द चुनी गोस्वामी पूर्व बंगालमध्ये जन्मले आणि क्लबपुरते बोलायचे तर जन्मभर मोहन बागानचेच राहिले. १९६२ साली जकार्ता येथे त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, तेव्हा त्या संघात ईस्ट बंगालचे तुलसीदास बलरामही होते.

महाराष्ट्रालाही हे चित्र अगदी परके नाही. कोल्हापुरात छत्रपती शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ आणि शिवाजी तरुण मंडळासारखे संघ खेळतात, तेव्हा पेठांचा अभिमान बाकांवर येऊन बसतो. त्या अभिमानानेच तेथे फुटबॉल जिवंत ठेवला आहे आणि त्यामुळेच बंदोबस्ताची चिंताही वाहावी लागते.

तेव्हा उपाय अभिमान मारण्याचा नाही. निष्ठा नसलेला प्रेक्षक टाळी वाजवील, पण पावसात भिजत उभा राहणार नाही. उपाय आहे तो निष्ठेला तिची सीमा दाखविण्याचा. वार्ताहराने घटना आणि अभिप्राय वेगळे ठेवावेत, दोन्ही तंबूंत जावे, आणि 'सूड' हा शब्द लिहिण्यापूर्वी ईडन गार्डन्सवरील सोळा जणांची आठवण करावी. वाचकानेही प्रतिस्पर्ध्याच्या बाजूचा वृत्तान्त अधूनमधून वाचावा. कारण आपल्या डोळ्यांतून निसटलेले निम्मे नियमभंग तेथेच नोंदलेले असतात.

हे अशक्य नाही, याची साक्ष कलकत्त्यानेच दिली आहे. १६ ऑगस्ट हा दिवस तेथे मृतांच्या स्मरणार्थ फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी रक्तदान केले जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये शहरातील आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर स्त्रीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. त्या वेळच्या क्षुब्ध वातावरणात १८ ऑगस्टचा ड्युरँड कपमधील या दोन संघांचा सामना सुरक्षेच्या कारणास्तव रद्द करण्यात आला. तरीही दोन्ही संघांचे पाठीराखे सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर जमले आणि त्यांनी न्यायाची मागणी एका आवाजात केली. पोलिसांच्या लाठ्या पडल्या तेव्हा हिरवा-मरून आणि लाल-सोनेरी हे रंग एकमेकांच्या आधाराला उभे होते. त्या दिवशी गोल झाला नाही, निकाल लागला नाही. परंतु शंभर वर्षांच्या या चुरशीत प्रथमच असे घडले असेल, की दोन्ही बाजूंनी सांगितलेला वृत्तान्त एकच होता.